आधी दार शोधा, पडदा नंतर: नाशिकच्या कारागिरांची पोर्ट्रेट्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकन फोटोग्राफर अर्व्हिंग पेन यांनी १९५०-५१ मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या कष्टकऱ्यांची जी पूर्णाकृती पोर्ट्रेट्स काढली, त्या धर्तीवर तुम्हाला नाशिकचे तांबट, कल्हईवाले, द्राक्षबागेतले मजूर यांची मालिका करायची आहे. स्टुडिओ नाही. एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, ३५ आणि ५० मिमीच्या लेन्स आहेत. दोन फ्लॅश आणि सॉफ्टबॉक्स घ्यावेत का, राखाडी पडदा कुठला घ्यावा आणि लोकांना उभं कसं करावं, हे तुम्ही विचारलंय.

फ्लॅश घेऊ नका. निदान या कामासाठी तरी नको. ते पैसे लोकांच्या मजुरीवर आणि प्रिंटवर खर्च करा, ते का ते पुढे येईलच.

पेन यांनी ‘व्होग’ मासिकासाठी हे काम पॅरिसमध्ये सुरू केलं ते एका जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. मागे रंगभूमीचा एक जुना रंगवलेला पडदा आणि एका बाजूने येणारा दिवसाचा उजेड, एवढाच सरंजाम. कसाई, मासेविक्या, काचवाला, आचारी असे एकेक जण कामाच्या कपड्यांत, हातात हत्यार घेऊन त्या पडद्यापुढे येऊन उभे राहिले. दुकान नाही, गल्ली नाही, गिऱ्हाईक नाही. आजूबाजूचं सगळं काढून घेतलं की माणसाची उभं राहण्याची ढब, कपड्यावरचे डाग आणि हत्यार धरण्याची पद्धत एवढंच उरतं, आणि त्याच्यावर सगळा भार येतो. तो भार पेलायचा असेल तर उजेड नीट हवा आणि माणूस सावकाश उभा राहायला हवा. त्यामुळे तुमची पहिली खरेदी शून्य रुपयांची आहे: एक चांगलं दार.

जुन्या नाशकात अशी दारं अजून आहेत. सराफ बाजार, तांबट लेन, दहीपूल या पट्ट्यात फिरा आणि वाडे आतून बघा. मोठ्या दरवाजातून आत शिरल्यावर लागणारी देवडी म्हणजे आयता स्टुडिओ: वर छप्पर, एका बाजूने उघडं, तिन्ही बाजूंनी भिंती. त्याहून चांगली म्हणजे चौकाकडे तोंड असलेली ओसरी. चौकातून उजेड वरून आणि बाजूने असा दोन्हीकडून तिरका उतरतो, आणि पेन यांच्या त्या वरच्या मजल्यावरच्या उजेडाच्या सगळ्यात जवळचा हाच. वाड्याच्या मालकाला आधी विचारा, आणि जुन्या तुळईला पडदा बांधायचा विचारही करू नका. कित्येक वाडे टेकूवर उभे आहेत. दोन स्टँड आणि एक आडवा पाइप न्या.

आता एक गोष्ट, जी परदेशी पुस्तकं वाचून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. ‘उत्तरेची खिडकी घ्या, तिथे ऊन कधीच येत नाही’ हा सल्ला पॅरिसच्या अक्षांशावरचा आहे. पॅरिस साधारण ४९ अंश उत्तरेला, नाशिक साधारण २० अंशावर. आपल्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि जुलैचा तिसरा आठवडा उलटेपर्यंत उत्तरेलाच राहतो. शिवाय मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतो तोही उत्तरेकडे झुकूनच, हे तर पॅरिसमध्येही होतं. म्हणजे मे महिन्यात सकाळी साडेसातला उत्तरेच्या दारातून थेट ऊन आत येऊन तुमच्या माणसाच्या खांद्यावर बसलं, तर दार चुकलेलं नाही, वेळ चुकलीय. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मात्र उत्तरेचं दार दिवसभर निर्धास्त वापरा. पावसाळ्यात तर दिशेचा प्रश्नच मिटतो. ढगांनी भरलेलं आभाळ म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स. फक्त उजेड पडतो कमी, म्हणून तिपाई हवीच.

जागा पारखायची माझी रीत साधी आहे. माणसाला दारापासून पाच-सहा फूट आत, दाराला काटकोनात उभं करायचं आणि फक्त नाकाची सावली बघायची. सावलीची कड मऊ असून ती गालावर ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरत असेल तर जागा बरोबर. सावलीच नसेल तर समोरच्या भिंतीवरून उजेड परत येतोय. नवशिके इथे थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून सावली आणखी भरतात, आणि चित्र पासपोर्ट फोटोकडे जातं. तुम्ही उलट करा. सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर, काळी घोंगडी टांगा. घोंगडी उजेड पिते. चेहऱ्याचा तो अर्धा भाग खोल जातो, गालाचं हाड उठून येतं, सदऱ्याच्या चुण्या दिसू लागतात. काळं कापडही चालेल, पण टेरिकॉटसारखं चकाकणारं नको.

पडद्याबद्दल. तयार मिळणारे छापील ‘ओल्ड मास्टर’ पडदे घेऊ नका. त्यांचे ढगाळ पट्टे सगळ्या जगाच्या फोटोंत सारखेच दिसतात. मांजरपाट घ्या, शिंप्याकडून जोडून साधारण नऊ फूट रुंद आणि पंधरा फूट लांब करून घ्या. शिवण आडवी नको, उभी. मग जमिनीवर पसरून डिस्टेंपरमध्ये काळा स्टेनर मिसळून मध्यम राखाडी रंग द्या, आणि तो ओला असतानाच थोडा फिका, थोडा गडद असा स्पंजने थोपटत जा. हात फिरताना कंटाळा आला की थांबा. फार मन लावून रंगवलेला पडदा फोटोत पुढे पुढे करतो. कोरडा झाला की घडी घालू नका, पीव्हीसी पाइपवर गुंडाळा. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो: द्वारका किंवा आडगाव नाक्याकडच्या ट्रकवाल्यांकडून सुती ताडपत्रीचा जुना तुकडा. ऊन-पावसाने विटलेल्या, तेलाचे डाग जिरलेल्या त्या कापडाला जी पोत असते ती स्पंजने येत नाही. दोन-तीनदा धुवा, उलटी बाजू वापरा. प्लास्टिकची ताडपत्री मात्र नको, ती चमकते.

पडदा भिंतीपासून खाली येऊन जमिनीवर पुढे पसरला पाहिजे, आणि माणूस त्याच कापडावर उभा राहिला पाहिजे. पायाखालच्या शहाबादी फरशीच्या रेघा दिसल्या की चित्रात पुन्हा ‘ठिकाण’ घुसतं. कापडावर पायाचे ठसे उमटतील, उमटू द्या.

लेन्सचा हिशोब. पेन यांच्या रोलायफ्लेक्स या फिल्म कॅमेऱ्याला ७५-८० मिमीची लेन्स असे, आणि त्या मोठ्या चौकोनी फिल्मवर तिचा दृश्यकोन (फ्रेममध्ये किती मावतं ते) तुमच्या ३५ च्या बराच जवळ जातो. उभी फ्रेम धरून माणूस आणि वर-खाली थोडी मोकळी जागा, म्हणजे साधारण सव्वादोन मीटर उंची घ्यायची तर ३५ ने साडेतीन मीटर लांब उभं राहावं लागेल. माणसामागे पडद्यापर्यंत चार-पाच फूट सोडा. म्हणजे सतरा-अठरा फूट लांब जागा हवी, देवडीत ती मिळते का ते आधी मोजून घ्या. ५० ने हीच फ्रेम घ्यायला जवळपास पावणेपाच मीटर लागतात, म्हणून ती कमरेपर्यंतच्या फोटोंना ठेवा. एफ ५.६ (लेन्सचं छिद्र मध्यम उघडं), शटर १/६० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८०० इथून सुरुवात करा. मागचा पडदा धूसर करायचा मोह टाळा. पेन यांच्या चित्रांत बुटाच्या नाडीपासून टोपीपर्यंत सगळं धारदार आहे, एफ १.८ च्या सताड उघड्या छिद्राचा इथे उपयोग नाही.

आणि कॅमेरा खाली आणा. रोलायफ्लेक्समध्ये वरून वाकून बघायचं, म्हणून तो छाती-पोटाच्या उंचीवर धरला जाई. त्या उंचीवरून माणूस ताठ, भारदस्त दिसतो. डोळ्याला कॅमेरा लावून पूर्णाकृती काढली की डोकं मोठं, पाय आखूड, आणि बघणारा नकळत खाली बघतो. तिपाई समोरच्याच्या बरगडीच्या उंचीवर लावा, स्क्रीन उघडून वरून बघा. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच लेन्सने पडणार नाही.

आता माणसं. इथे सगळ्यात जास्त अडेल, आणि हे पेन यांनाही अडलं होतं. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की पॅरिसच्या लोकांना यात काहीतरी काळंबेरं वाटलं, पण पैसे मिळणार म्हणून आले. लंडनचे कामाच्या कपड्यांत वेळेवर हजर झाले, त्यांना त्यात गैर काहीच वाटलं नाही. आणि न्यूयॉर्कचे काही जण सांगूनसुद्धा दाढी घोटून, ठेवणीतला सूट चढवून आले. नाशिक या बाबतीत पक्कं न्यूयॉर्क आहे. तांबटकाकांना तुम्ही दहा वेळा सांगाल, “काका, आहे तस्सेच या.” काका येतील ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, केसाला तेल लावून. वर विचारतील, “त्या कळकट बनियनवरचा फोटो घरी भिंतीवर लावू का?”

त्यांचं म्हणणं खरं आहे. ज्याला दिवसभर काळ्या हातांनी बसावं लागतं त्याला एक तरी फोटो स्वच्छ हवा असतो. म्हणून भांडू नका. आधी पांढऱ्या शर्टातला काढा, मनापासून काढा, तेवढाच वेळ देऊन. तो प्रिंट त्यांचा. मग म्हणा, “आता एक माझ्यासाठी, कामावरचा.” शर्ट आपोआप उतरतो. आणि तोवर माणूस कॅमेऱ्याला सरावलेला असतो, हा वरचा फायदा. कधी कधी पांढऱ्या शर्टातलाच जास्त चांगला निघतो, मग तोच मालिकेत घ्या.

मजुरी द्या. माणूस अर्धा दिवस हातचं काम सोडून येतो, त्याचे पैसे आधी ठरवून, आल्याबरोबर द्या. फोटो झाल्यावर दिलेले पैसे बक्षिसासारखे वाटतात. पेन १९४८ च्या डिसेंबरात पेरूमधल्या कुस्को गावी गेले, तेव्हा त्यांनी तिथल्या फोटोग्राफरचा स्टुडिओच नाताळाच्या दिवसांत भाड्याने घेतला. सणाचा फोटो काढायला येणारी गिऱ्हाइकं पैसे द्यायला लागली, तर पेन उलट त्यांनाच पैसे देऊ लागले.

उभं करताना ‘काम करून दाखवा’ म्हणू नका. हातोडा हवेत उगारलेला तांबट म्हणजे सरकारी माहितीपत्रक. हत्यार विसाव्याला जसं धरलं जातं तसं धरायला सांगा, आणि वजन खरं ठेवा. घागर घेऊन उभं करायचं तर तीत पाणी भरा. रिकामी घागर घेतलेला हात खोटं बोलतो: कोपर हलकं राहतं, खांदा झुकत नाही. भरल्या घागरीने एक बाजू दबते, दुसरा पाय आपोआप पुढे येतो आणि ढब तुम्हाला सांगावीच लागत नाही. फार वेळ उभं करू नका मात्र. मध्ये घागर खाली ठेवा, चहा घ्या. गप्प बसायलाही शिका. तुम्ही सतत “हसा, इकडे बघा” केलंत तर समोरचा तुमच्याकडे बघत राहतो, स्वतःत उतरत नाही.

तांब्याबद्दल जरा खोलात जातो, कारण तुमची अर्धी मालिका त्याच्यावर आहे. तांबं आणि आपल्याकडची उन्हात रापलेली कातडी या दोघांचा रंग एकाच नारिंगी पट्ट्यात येतो. संगणकावर फोटो कृष्णधवल करताना चेहरा गडद करायला नारिंगी रंगाचा स्लायडर खाली ओढला की भांडंही तेवढंच काळवंडतं. वर नेला की दोन्ही सपाट, पांढुरकी होतात. संगणकावर ही गाठ नीट सुटत नाही, ती उजेडातच सोडवावी लागते. धातूवरची चकाकी पोलरायझरने (चकाकी कापणाऱ्या फिल्टरने) जात नाही, तोही पैसा वाचवा. भांडं आरसा आहे, त्याला काय दिसतंय तेवढंच ठरवायचं. घोंगडीची काळी बाजू भांड्यात दिसली की कडा गडद होतात. दाराच्या बाजूला एक वीतभर रुंद, उभी पांढरी कापडाची पट्टी धरली की भांड्याच्या पोटावर एक उभी उजळ रेघ येते, आणि त्या रेघेत मठारलेल्या प्रत्येक ठोक्याची खळी वेगळी दिसते. खालच्या ओळीतले ठोके थोडे मोठे, गळ्याकडे जाताना बारीक आणि दाट. हात कसा फिरलाय ते मोजता येतं. चेहऱ्यावर अशी रेघ नसते, म्हणून दोन्ही वेगळे होतात. पट्टी रुंद केलीत तर भांडं स्टीलसारखं दिसायला लागेल.

कल्हईवाल्याचा प्रकार वेगळा. त्याच्याकडे चमक नाही, काजळी आहे. भट्टीशी बसून, भांडं तापवून, कथील फिरवून, नवसागराची चिमूट टाकून कापसाच्या बोळ्याने पुसणारे ते हात; बोटांच्या पेरांत काळं आणि नखांवर कथलाची पुसट चंदेरी छटा. त्याला भट्टीजवळून उठवून लगेच पडद्यापुढे आणा, हात धुऊ देऊ नका. धुराचा फोटो काढायला जाऊ नका, तो सगळे काढतात. सांडशी आणि भाता घेऊन उभं करा. एक्सपोझर डोक्यावरच्या टोपीवरून ठरवा: टोपीचं विणकाम दिसलं पाहिजे, बाकी सावल्या नंतर उचलता येतात. आपल्याकडे पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि सावळा चेहरा एका फ्रेममध्ये असतात. राखाडी पडद्यावर भाळलेलं कॅमेऱ्यातलं उजेडाचं मीटर टोपी सहज जाळतं.

द्राक्षबागेचं थोडक्यात सांगतो. मांडवाखाली पोर्ट्रेट काढू नका. पानांतून गाळलेला उजेड हिरवा असतो, चेहरा आजारी दिसतो, आणि पेन यांनी जी काढून टाकली ती जागा तिथे पुन्हा चारी बाजूंनी येऊन बसते. दिंडोरी, पिंपळगाव, ओझर भागातल्या पॅकिंग शेडचं मोठं शटर हे त्यावरचं उत्तम उत्तर. माणसं भेटायची वेळ बघा: एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. तेव्हा कात्र्या हातात असतात आणि टोळ्या एका जागी मिळतात. काढणीच्या दिवसांत ट्रक उभा असतो, कोणी थांबत नाही.

शेड, वाडा काहीच नसेल तिथे पेन यांचीच दुसरी युक्ती आहे. १९६७ पासून ते एक तंबू घेऊन फिरले. बेनिन (तेव्हाचं दाहोमे), नेपाळ, कॅमेरून, न्यू गिनी, मोरोक्को. मांडववाल्याकडून पांढऱ्या कापडाचा छोटा मांडव, तीन बाजू झाकलेल्या, एक उघडी, एवढ्यात ते काम होतं. २०२७ च्या सिंहस्थात साधूंची पोर्ट्रेट्स काढायचा तुमच्या डोक्यात विचार असणारच. पंचवटीत रामकुंडावर गर्दीत लांबून टिपण्यापेक्षा असा एक मांडव घालून, एकेकाला आत बोलावून काढलेले पंधरा चेहरे जास्त मोलाचे ठरतील. परवानग्यांची तयारी मात्र खूप आधी सुरू करा.

एका बाबतीत पेन यांचं अनुकरण करू नका, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या चित्रांखाली धंद्याचं नाव, शहर आणि साल एवढंच असतं. तिकडे ते खपलं. आपल्याकडे धंदा म्हटलं की मागोमाग जात येते. तांबट हा धंदाही आहे आणि जातही. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ दरम्यान ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले. त्यांत माणसं जातीजमातीचे नमुने म्हणून फोटोंत मांडली होती. राखाडी पडदा, हातात हत्यार, खाली ‘कल्हईवाला, नाशिक’ असं केलंत की तुम्ही पेनपेक्षा त्या खंडांच्या जवळ जाता. म्हणून नाव लिहा, त्यांना विचारून, ते सांगतील तसं. बायकांची नावंही लिहा. तुमच्या यादीत बाई एकही नाही, हे मला खटकलं. भाजीवाल्या, फुलवाल्या, बोहारणी, बागेत डिपिंगला (द्राक्षांचे घड औषधात बुडवायला) जाणाऱ्या बायका, येवल्याच्या मागावर बसणाऱ्या विणकर, यांच्याशिवाय नाशिकच्या कष्टकऱ्यांची मालिका कशी होणार? त्यांच्यासाठी एखाद्या मैत्रिणीला सोबत न्या आणि मजुरी तीच द्या, कमी नाही.

प्रिंट चकचकीत कागदावर काढू नका. पेन यांनी १९६० च्या दशकापासून हीच जुनी निगेटिव्ह प्लॅटिनम-पॅलेडियम पद्धतीने पुन्हा छापली. कागदाला हाताने लेप द्यायचा, तो अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवायचा, म्हणजे पुन्हा लेप देऊन दुसऱ्यांदा छापताना कागद तसूभर हलत नाही. त्यात धातू कागदाच्या तंतूंतच बसतो, म्हणून काळा रंग मखमली आणि राखाडी छटा न संपणाऱ्या. तुम्हाला ते करायची गरज नाही. चांगल्या सुती मॅट कागदावरची इंकजेट प्रिंट त्याच्या बऱ्यापैकी जवळ जाते. काळा रंग ठार काळा करू नका, इतकंच. काकांना द्यायच्या प्रतीला मात्र लॅमिनेशन करा. ती दुकानात लागणार आहे, धूर-तेल खाणार आहे.

सुरुवात भांडी बाजारापासून करा, पण धनत्रयोदशीच्या आधीच्या पंधरवड्यात तिकडे कॅमेरा घेऊन जाऊ नका. त्या दिवसांत तिथे कोणाला मान वर करायला फुरसत नसते, आणि तुम्ही वाटेत उभे राहिलात तर पुढचं वर्षभर कोणी ओळख देणार नाही. दिवाळी उरकून तुळशीचं लग्न लागलं की जा. हात रिकामे असतात, उजेड उत्तरेच्या दारातून स्थिर येतो आणि घोंगडीही तेव्हा दुकानात मिळायला लागलेली असते.